खोक्यातले डबे

माझा नवरा हेरंब खेळण्यातल्या आगगाडीचा नवा डबा आणायचा, तेव्हा आमची बैठकीची खोली आणखी एका खऱ्या डब्याएवढी लांब व्हायची. मिरजेत तिसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट आमचा. बाहेरून इमारत होती तेवढीच दिसायची.

पहिलं आलं ते इंजिन, आमच्या लेकीच्या, मृण्मयीच्या बारशाला. हिरवं, पितळी चाकांचं, परदेशातून मागवलेलं. पाळणा खिडकीपाशी होता. दुसऱ्या दिवशी खिडकी लांब गेली आणि तिच्याबरोबर पाळणाही.

"खोकं उघडायचं नाही," हेरंब म्हणाला. "अशा गाड्या पुढे मिळत नाहीत. मोठी झाली की तिला कळेल, बाबाने काय जपून ठेवलंय."

तो वाईट बाप नव्हता. दर वाढदिवसाला डबा यायचा, कधी मधेच एखादा. खोकी दाराजवळच्या कपाटात रचली जायची. मृण्मयी पलीकडच्या टोकाला रांगायला लागली, मग चालायला. मी दूध घेऊन निघायचे. पोचेपर्यंत त्यावर साय धरलेली असायची. पुढे मी थर्मास न्यायला लागले, पायात चपला घालायला लागले. मधल्या भागात वारा असायचा.

मग तिचा आवाज उशिरा पोचायला लागला. "आई, मला ताप आलाय," हे ऐकून मी धावत गेले, तर ती खडखडीत बरी होऊन चित्रं काढत बसली होती. उंचही झाली होती.

"आलीस?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "बाबाला सांग, नकोत आता डबे."

मी सांगितलं.

"आता एकच," हेरंब म्हणाला. "त्याशिवाय संच पुरा होत नाही."

तो डबाही आला. मी सकाळी निघाले, तिन्हीसांजेपर्यंत चालले. खिडकीचा उजेड तेवढा दिसत होता. गुडघे दुखायला लागले आणि मी अर्ध्यातून परत फिरले. फिरायला नको होतं.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, आम्ही दुपारी जेवत असताना तिची हाक आली. अगदी लहानपणची, बोबडी.

"बाबा, एकदाच चालवू या ना गाली!"

हेरंबने हातातला घास ताटात ठेवला.

"केवढी झाली असेल गं ती आता?"

"माझ्याहून उंच असेल."

तो उठला आणि त्याने सगळी खोकी फोडली. डबे कोरे करकरीत होते, रंगाचा वास तसाच होता. त्याने रूळ जोडले, इंजिनाला किल्ली दिली. गाडी निघाली, पण रूळ लगेच संपत आले. तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि मागचा रूळ उचलून पुढे लावायला लागला.

"असा किती वेळ जाणार?" मी विचारलं.

"पोचलो की हाक मारतो."

मी दारापाशी उभी राहिले. रांगत रांगत तो लहान होत गेला, इंजिनाएवढा झाला. त्याच्यामागे नुसती फरशी होती. मग तो थांबला. मान वर करून त्याने समोर पाहिलं, शेवटच्या डब्याचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला. डब्यात दिवा लागला. पुढे रूळ लावायला कोणी नव्हतं, आणि गाडी हलली.