गारठ्याला न भ्यालेले मासे

पाणी एवढं गार झाल्यावर मासे मरायला हवे होते. चिमीने टाकीच्या काचेवर टिचकी मारली, तर केशरी पट्ट्याचे सगळेच्या सगळे मासे वळले आणि खाणं मागायला पुढे आले.

उष्ण प्रदेशातला हा शोभेचा मासा तळ्या-नद्यांत सुटला तर हिवाळ्यात तगेल का, हे प्रयोगशाळेत तपासायचं काम तिच्याकडे होतं. साहेबांना तिने आधीच सांगून टाकलं होतं, "गारठ्यापुढे टिकायचे नाहीत." आता त्यांनी थर्मामीटर बदलायला लावला. दुसऱ्यानेही तेच दाखवलं.

संध्याकाळी दादाकडे जेवताना तिने हे सांगितलं, तसा वहिनीचा हात पातेल्यातच थबकला.

"अगं चिमी, आमचेही तसलेच होते ना? या घरात राहायला आलो, तर टाकीला जागा नव्हती. मारायचा धीर होईना, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तळ्यात सोडले."

"चार तर मासे," दादा हसत म्हणाला. "एव्हाना बगळ्यांनी गट्टम केले असतील."

चिमीला हसू आलं नाही. तळं भरलं की त्याचं पाणी थेट नदीला जायचं, आणि हा मासा दुसऱ्या माशांची अंडी फस्त करायचा.

सकाळी तिघं तळ्यावर गेली. दादाने गवतालगत जाळं ओढलं. शेवाळ आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा शेवाळच. वहिनीच्या जिवात जीव आला. मग जाळ्याच्या तळाशी काहीतरी वळवळलं. नखाएवढी पिल्लं, आणि प्रत्येकाच्या अंगावर तोच पट्टा.

"कुणाला कळणार आहे?" दादा हळूच म्हणाला. "हिचं नाव नको गं घेऊस."

"नाव नाही घेत. पण तळ्याचं सांगावंच लागेल."

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. आपला अंदाज साफ चुकला, हेही सांगितलं.

दुपारपर्यंत तळ्याचं पाणी नदीकडे जातं त्या तोंडाला बारीक जाळी बसली. वहिनी काठावर बसून "काय करून बसले मी" एवढंच पुटपुटत होती. चिमीने तिचा हात धरला.

मग गमबूट चढवून ती साहेबांबरोबर नदीत उतरली. पुलाखाली जाळं टाकलं. रिकामं आलं.

"सुटलो बुवा," साहेब म्हणाले.

पाणी गढूळ होतं, हातभर खालचंही दिसत नव्हतं. थोडं पुढे सरकून तिने पुन्हा जाळं टाकलं.