रेषेच्या आत, शाळेच्या बाहेर

मी अमेरिकेतल्या टॉलिव्हर काउंटीच्या शाळांचा नकाशा बोलतोय, आणि गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या अंगावर बेचाळीस शाळा आहेत, सात रंग आहेत, कोपऱ्यात काउंटीचं उगवत्या सूर्याचं बोधचिन्ह आहे. दिसायला मी देखणा आहे, असं सगळे म्हणतात. पण माझ्यावर विसंबल्यामुळे एका नऊ वर्षांच्या पोरीवर जी वेळ आली, ती आठवली की माझ्या घड्या आपोआप आवळतात.

माझा जन्म शिक्षण खात्याच्या दुसऱ्या मजल्यावरचा. माझ्या रेषा ओढणारा माणूस स्वभावाने वाईट नव्हता. त्याने आधी नदी, रेल्वे आणि हमरस्ता धरून साध्या सरळ हद्दी आखल्या होत्या. मग जाहीर सभा सुरू झाल्या. ऑर्चर्ड हिलच्या बंगल्यांतली मंडळी एकजात लाल टी-शर्ट घालून आली. छातीवर छापलेलं, ‘आमची शाळा आमचीच!’ तीन सभांना आली, तीनदा ओरडली, आणि तिसऱ्या सभेनंतर माझी रेषा त्यांच्या गोल्फच्या मैदानाला अदबीने वळसा घालून गेली. नदीपलीकडे पत्र्याच्या फिरत्या घरांची वस्ती आहे. तिथलं कुणीच आलं नाही, कारण सभेच्या वेळी त्यांची कारखान्यात पाळी असते. त्यांच्या वस्तीच्या मधोमध रेषा गेली. एका ओट्यावर खेळणारी पोरं दोन शाळांत वाटली गेली. बळी तो कान पिळी, हे मी जन्मतःच शिकलो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण ती कधी कुणी मला सांगू दिली नाही. कोणतं घर कोणत्या शाळेच्या हद्दीत, एवढंच मी दाखवतो. त्या शाळेत जागा आहे का, हे माझ्यावर कुठेही लिहिलेलं नाही. एखादी शाळा भरली की खातं तिला ‘पूर्ण’ ठरवतं. त्यानंतर त्या हद्दीत राहायला आलेल्यांच्या मुलांना दुसऱ्याच शाळेत धाडतात, मग घराच्या खिडकीतून आपल्या शाळेचं मैदान दिसत का असेना. पूर्ण शाळांची यादी वेगळी असते. ती खालच्या काउंटरवरच्या प्रुइट बाईंच्या खणात असते. विचारलं तर बाई दाखवतात. न विचारता दाखवायची, असा नियम नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी लॉर्ना टॅकेट नावाच्या बाईने दर्शनी दालनातल्या गठ्ठ्यातून मला उचललं. केंटकीच्या डोंगरातून तीन तास गाडी हाकत आली होती. तिचा नवरा व्हर्नन कामाला होता ती कोळशाची खाण बंद पडली होती आणि आमच्याकडच्या बॅटरीच्या कारखान्यात त्याला जूनपासून काम मिळालं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी बर्डी. तिला सहाव्या वर्षापासून मधुमेह. रोज दुपारी जेवणाआधी साखर तपासायची आणि इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं. मध्येच साखर उतरली तर मिनिटांचा खेळ.

माझी इतर भावंडं गाड्यांच्या खणांत चुरगळून मेली. माझं तसं झालं नाही. लॉर्नाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर मिठाची बाटली, बीन्सचा डबा, तिचा चष्मा आणि बर्डीचं साखर तपासायचं यंत्र ठेवलं आणि फोन हातात घेतला. एकेका शाळेला फोन करून तिने एकच प्रश्न विचारला.

“तुमच्याकडे नर्स रोज असते का? पूर्ण दिवस?”

कुठे “हो” आलं, कुठे “आठवड्यातून दोनदा”, कुठे “आमची नर्स तीन शाळा सांभाळते”. एका ठिकाणी तर, “पट्टीबिट्टी बांधता येते आम्हाला,” असं उत्तर मिळालं. नर्स रोज असेल त्या शाळेभोवती ती लाल पेन्सिलने गोल करायची. पंधरा दिवसांत पाच गोल झाले. त्यांतला ठळक गोल हिकरी बेंड शाळेचा होता. तिथल्या नर्सने स्वतः फोन घेतला होता आणि साखर उतरली की पाजायला बर्डीला कोणता रस आवडतो तेही विचारून घेतलं होतं.

“खाणीत उतरताना मी इतका नकाशा बघितला नाही,” व्हर्नन मक्याच्या पावाचा तुकडा तोडत म्हणाला.

“खाणीत तू उतरत होतास. इथे बर्डी उतरणार आहे,” लॉर्ना म्हणाली. “आणि पाव खाली बघून खा, नकाशावर चुरा पडतोय.”

मला इतकं मनापासून कुणी वाचलं नव्हतं. मी फुशारलो, कबूल करतो.

मग सिकॅमोर लेनवर एक भाड्याचं घर मिळालं. क्रेग डिलर्ड नावाच्या दलालाने जाहिरातीत घराच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हिकरी बेंडच्या हद्दीत!’ लॉर्नाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, शहाणी बाई. तिने खात्यालाच फोन लावला.

“बाई, ४१८ सिकॅमोर लेन. हे घर कुठल्या शाळेला लागतं?”

“हिकरी बेंड, राणी,” प्रुइट बाईंचा आवाज नेहमी मध लावलेला.

“नक्की ना? आम्ही त्या शाळेसाठीच घर घेतोय. मुलीला नर्स लागते.”

“नकाशात आहेच की गं. गुलाबी पट्टा.”

लॉर्नाने “उपकार झाले” म्हणून फोन ठेवला. तिच्या डोंगरात माणूस फोनवर हो म्हणाला की ती काळ्या दगडावरची रेघ. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडं म्हणणं. लिहून मागणं तर भांडणच. ही तिची चूक असेल तर होय, ही चूक तिने केली. पण हिकरी बेंड शाळा जानेवारीपासून ‘पूर्ण’ होती! यादी बाईंच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात पडली होती. डिलर्डलाही ठाऊक असणार. माझा एक भाऊ त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत टांगलेला आहे आणि त्याच्या शेजारी दर महिन्याची ती यादी टाचलेली असते. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. वर्षभराच्या भाडेकरारावर व्हर्ननने सही केली.

जूनमध्ये तिघं खात्यात बर्डीचं नाव घालायला आली. बर्डीने नवा निळा फ्रॉक घातला होता. लॉर्नाने भाडेकरार, विजेचं बिल, लसींचा कागद, डॉक्टरांचं पत्र असं सगळं ओळीने काउंटरवर मांडलं आणि सर्वांत वर मला ठेवलं. प्रुइट बाईंनी पत्ता टाइप केला.

“ओल्ड क्वारी शाळा,” त्या म्हणाल्या.

“नाही, हिकरी बेंड. हे बघा, गुलाबी पट्टा.”

“हद्द हिकरी बेंडचीच आहे, राणी. पण ती शाळा पूर्ण आहे ना. जानेवारीपासून.”

लॉर्नाचा चेहरा कसा झाला ते मी काउंटरवरून पाहिलं. “मी मार्चमध्ये तुम्हालाच फोन केला होता. तुम्हीच हो म्हणालात.”

“तू विचारलंस घर कुठल्या शाळेला लागतं. ते मी सांगितलं. जागा आहे का, असं विचारलंस का?”

“बाई, मला काय माहीत असलं काही विचारायचं असतं ते!”

“नियमांच्या पुस्तकात आहे सगळं. पान एकतीस.”

“मग बदलीचा अर्ज द्या,” व्हर्नन म्हणाला. हातातली टोपी त्याने काउंटरवर ठेवली.

“मुदत फेब्रुवारीअखेर संपली.”

“फेब्रुवारीत मला नोकरीच नव्हती, हो! बेकार माणसाने कुठल्या गावाच्या शाळेत अर्ज करायचा?”

बाईंनी खांदे उडवले आणि बर्डीचं नाव प्रतीक्षायादीत चौदाव्या नंबरावर लिहिलं. मला किंचाळायचं होतं. कागदाला किंचाळता येत नाही. माझ्यावरचा तो गुलाबी पट्टा मला कोड फुटल्यासारखा वाटायला लागला.

ओल्ड क्वारीला नर्स मंगळवारी आणि गुरुवारी येते. बाकीचे दिवस ऑफिसातल्या कारकून बाई बघतात. त्यांना अर्ध्या दिवसाची चित्रफीत दाखवून ‘प्रशिक्षित’ केलेलं आहे. लॉर्नाला एका दातांच्या दवाखान्यात काम मिळालं होतं, ऑगस्टपासून. ते तिने सुरू होण्याआधीच सोडलं. नर्स आली तरी तिची वेळ नक्की नसते, म्हणून रोज अकरा चाळीसला लॉर्ना ओल्ड क्वारीच्या आवारात गाडी लावते, आत जाते, बर्डीचं बोट टोचते, इंजेक्शन देते, परत येते. मी तिच्या शेजारच्या आसनावर पडून असायचो.

पण साखर काही घड्याळ बघून उतरत नाही. ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी सकाळी दहालाच ती उतरली. बर्डी एकटीच ऑफिसात गेली. तिचे रसाचे डबे औषधांच्या कपाटात ठेवलेले होते, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कारकून बाईंच्या खिशात होती. कारकून बाई बाहेर बसचा घोळ निस्तरत होत्या. शेवटी भोजनगृहातल्या वांडा नावाच्या वाढणारीला पोर भिंतीला धरून सरकताना दिसली. तिने सफरचंदाच्या रसाचा पुठ्ठ्याचा डबा दातांनी फाडला आणि बर्डीच्या तोंडाला लावला. पोर वाचली. त्यात खात्याचं काहीही श्रेय नाही.

लॉर्ना धावत पोचली तेव्हा बर्डी बाकावर बसली होती. फ्रॉक रसाने चिकट झालेला, ओठ अजून पांढरे.

“मम्मा, मी कपाट वाजवलं,” ती म्हणाली. “खूप वेळ वाजवलं.”

त्या संध्याकाळी व्हर्नन म्हणाला, “सामान बांध, परत जाऊ.”

“कुठे परत? बंद खाणीत?” लॉर्ना म्हणाली. “आपण पळायचं, आणि त्यांनी तिथेच खुर्च्यांवर बसायचं? मुळीच नाही.”

पुढच्या सोमवारी शिक्षण मंडळाची सभा होती. आमच्याकडे कुणीही नागरिक उठून बोलू शकतो. तीन मिनिटं मिळतात, मग घंटा वाजते. लॉर्नाने मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

“हा तुमचा नकाशा,” ती म्हणाली. “मी याच्यावर माझ्या पोरीचा जीव ठेवला. पंधरा दिवस फोन केले, सगळ्या नर्सा शोधल्या. तुम्ही एक ओळ छापली असतीत ना याच्यावर, एकच ओळ, की घर घेण्याआधी जागा विचारा, तर मी दुसरं घर घेतलं असतं! पाच शाळा शोधल्या होत्या मी. पाच! माझ्या मुलीने कपाट वाजवलं आणि उघडायला कुणी—”

घंटा वाजली.

“धन्यवाद, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “पुढचं नाव?”

पुढचं नाव नव्हतं. पुढचा विषय फुटबॉलच्या मैदानावरच्या नव्या धावफलकाचा होता. त्याला त्यांनी पस्तीस मिनिटं दिली. दिवे कोणत्या रंगाचे असावेत, यावर मतदान झालं. नऊ माणसं सुटाबुटात बसली होती आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की मुलगी आता कशी आहे. थू त्यांच्या मतदानावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्ना खात्याच्या दर्शनी दालनात आली. तिथे माझ्या धाकट्या भावंडांचा नवा गठ्ठा आला होता. तेच रंग, तोच सूर्य. तिने मला उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर जाड काळ्या शाईने लिहिलं: ‘हा नकाशा फक्त घर सांगतो. सही करण्याआधी काउंटरवर विचारा: शाळेत जागा आहे का? उत्तर लेखी घ्या.’ गठ्ठ्याच्या वरच्या भिंतीवर तिने मला चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवलं आणि निघून गेली. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर काहीतरी खरं लिहिलं गेलं.

तासाभराने एक तरुण आला. ओहायोहून आलोय, बॅटरीच्या कारखान्यात लागलोय, असं कुणालातरी फोनवर सांगत होता. काखेत प्लॅस्टिकच्या पाकिटात भाडेकरार. नकाशा घ्यायला हात पुढे केला आणि थांबला. मला वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि सरळ काउंटरवर गेला.

“बाई, हिकरी बेंडमध्ये जागा आहे का?”

प्रुइट बाईंनी मान वर केली. आधी त्याच्याकडे, मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातला मध आटला होता. त्यांनी खण उघडला.

“भरलीये,” त्या म्हणाल्या.

“लिहून देता?”

द्यावं लागलं. त्याने तो कागद खिशात घातला, “बरं झालं, दुपारी सही करणार होतो,” म्हणाला आणि भाडेकराराचे मधोमध दोन तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

आता बाई काउंटरमागून बाहेर येताहेत. नखं माझ्या कोपऱ्याखाली घालतील आणि मला फाडतील. फाडू देत. तुम्ही मात्र नोकरीसाठी बिऱ्हाड हलवायला निघालात तर माझ्या रंगांना भुलू नका. गोड आवाजाला तर मुळीच भुलू नका. त्या काउंटरवर ठाण मांडा, विचारा, आणि कागद हातात पडेपर्यंत हलू नका. कुणी तुम्हाला भांडखोर म्हटलं तर म्हणू दे.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झालेत. ओल्ड क्वारीच्या आवारात लॉर्ना गाडीचं दार उघडून इन्सुलिनची सुई हातात घेत असेल.