चोवीस रविवारांचा लोणा

सासूबाईंच्या हातात कायम एक ओलं फडकं असायचं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. घरामागे हाकेच्या अंतरावर कारखान्याचा गाळाचा तलाव होता. खनिजातून अॅल्युमिनाची पांढरी भुकटी काढून घेतली की उरतो तो हा लाल गाळ, कॉस्टिक सोड्यात शिजलेला, हाताला झोंबणारा. भुकटी गावोगावी जायची, गाळ मात्र इथेच मुक्कामाला. वाळला की वारा त्याची धूळ घरात आणून टाकायचा. खिडकी पुसावी तर टेबल लाल, टेबल पुसावं तोवर खिडकी परत लाल. बाई चाळीस वर्षं पुसत होत्या. दुसरी कोणी असती तर वेडी झाली असती. या नुसत्या चिडक्या झाल्या होत्या.

सून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. लोक तिला तपासणीबाई म्हणायचे. तीन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे लागली होती, गाळाच्या विटा. गाळात माती आणि राख मिसळायची, साच्यात घालायची, भाजायची. तलाव काठोकाठ भरत आला होता. विटा जमल्या तर गाळ उचलला जाणार होता, नाही जमल्या तर तलाव वाढवणार होते. वाढीव बांधाची खुंटीसुद्धा मारून झाली होती, ती बरोबर यांच्या मागच्या दारात. म्हणजे विटा फसल्या की घर गेलं, इतका सरळ मामला.

विटा मजबूत होत होत्या. भीती होती ती लोण्याची. आतला सोडा पाण्याबरोबर बाहेर येतो आणि विटेवर पांढरा फुलतो, तो लोणा. त्यावर गिलावा टिकत नाही, आणि अशी वीट कोणी फुकटसुद्धा नेत नाही. म्हणून सुनेनं डोकं लढवलं. विटेला रोज पाणी कुठे लागेल? धुण्याच्या कट्ट्याला! मागच्या अंगणात तिनं पाच थरांचा कट्टा बांधून घेतला.

"या विषाच्या विटांवर मी कपडे धुऊ?" सासूबाई कडाडल्या.

"गिलाव्याशिवायच राहू द्यायचाय, आई. साबण, पाणी, सगळं ओता. जेवढं ओताल तेवढं चांगलं."

"माझी नवी चादर लाल झाली ना, तर तुझ्या साहेबाला पाठवून देईन धुवायला."

दर रविवारी सकाळी सून वही घेऊन कट्ट्याभोवती एक फेरी मारायची आणि लिहायची, "लोणा नाही." असे चोवीस रविवार झाले. कारखान्यात तिच्या नावाचा गवगवा झाला. मोठ्या साहेबांची कमिटी गुरुवारी कट्टा बघायला येणार असं ठरलं.

त्याआधीच्या शनिवारी सासूबाई स्वयंपाकघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. हात प्लॅस्टरमध्ये. सून दवाखाना, औषधं, भाकरतुकडा यातच अडकली. धुणं साठलं, रविवारची फेरीही राहिली. बुधवारी संध्याकाळी ती सहज मागच्या दारात गेली आणि जागीच थिजली. कट्टा पांढरा झाला होता. पिठाचा हात फिरवल्यासारखा, वरच्या थरांवर सगळीकडे.

"आई!" तिचा आवाजच फुटला. "हे काय झालं?"

सासूबाई हात गळ्यात बांधून बाहेर आल्या. "काय व्हायचंय? साबण आहे तो. रोजच येतो मेला. मी पुसते ना, धुणं झालं की."

"रोज पुसता?"

"मग? घाण ठेवू? रविवारी तर तू उठायच्या आधी पुसते. तू वही घेऊन येतेस, म्हटलं तुझ्या कामाला बट्टा नको."

सुनेनं डोक्याला हात लावला. तीन वर्षं घासून हिनं प्रयोग केला, आणि कट्टा पुसतं कोण एवढं एकदाही विचारलं नाही! ज्या बाईच्या हातातून झोपेतही फडकं सुटत नाही, तिच्याच अंगणात! रडावं की हसावं तिला कळेना. मग खुंटीकडे नजर गेली आणि रडूच आलं.

"अगं, रडतेस कशाला? फडकं आण. एका हातानं पुसते मी. उद्यापर्यंत कोणाला कळणारेय?"

"तुम्ही बसा," सून म्हणाली, आणि स्वतःच फडकं भिजवून आणलं. तिला लाज वाटत होती, पण घर त्याहून मोठं वाटत होतं. वरच्या थराची कोपऱ्यातली एक वीट तिनं पुसली. लख्ख झाली. तोल सावरायला तिनं दुसरा हात खाली टेकला, तो सगळ्यात खालच्या थरावर. हात कोरडा आणि स्वच्छ. ती वाकून बघायला लागली. वरचे तीन थर पांढरे, खालचे दोन अगदी जसेच्या तसे, काळपट लाल.

"आई, खालचं कधी पुसलंत?"

"खाली कोण वाकतंय? माझे गुडघे बघितलेस का?"

फडकं बादलीत टाकून सून तशीच भट्टीवाल्या मामांकडे गेली. कट्टा त्यांनीच रचला होता. मामा आधी कबूलच होईनात, मग डोकं खाजवत म्हणाले, "चांगल्या विटा कमी पडल्या, तपासणीबाई. एकदा जाळ जास्त झाला होता, त्यातल्या वितळून वाकड्या झालेल्या खंगर विटा पडून होत्या. म्हटलं, खाली घालू. पायाशी कोण बघतंय?"

गुरुवारी कमिटी आली. मोठे साहेब कट्ट्यासमोर उभे राहिले. सगळा वरचा भाग पांढरा आणि कोपऱ्यात एकच वीट लाल.

"ही कशी राहिली?" त्यांनी विचारलं.

"ती मी काल पुसली," सून म्हणाली. "सगळाच कट्टा पुसणार होते. आणि वहीतले चोवीस रविवार खोटे आहेत. आमच्या घरात रोज पुसला जातो तो." तिनं वही उघडली आणि त्यांच्यासमोर एकेक नोंद खोडली. मग खालचे थर दाखवले. जास्त जाळात वीट वितळते, काचेसारखी होते, बहुतेक सोडा आतच अडकतो. "बहुतेक," ती परत म्हणाली. "खात्री नाही."

साहेबांनी गुडघ्यावर बसून खालच्या विटेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं.

"सहा महिने," ते उठत म्हणाले. "सगळा कट्टा खंगर विटांचा. त्यावर लोणा दिसला तर विटांचं काम बंद आणि बांधाचं सुरू. आणि त्याला कोणी फडकं लावायचं नाही."

नवा कट्टा झाला, वाकडातिकडा. हात बरा झाल्यावर सासूबाईंनी पहिलं धुणं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. सवयीनं खांद्यावरचं फडकं हातात आलं. त्या थबकल्या. तलावाकडून वारा सुटला होता, ओल्या विटांवर लाल धूळ बसत होती. बाईंनी फडक्याची घडी केली, दाराच्या पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"बघ बाई," त्या सुनेला म्हणाल्या, "घर वाचवायचं म्हणून घाण बघत बसलेय." डोळे भरून आले होते, पण पुसायला फडकं काढलं नाही.