डावा हात

वॉर्डातल्या सिस्टर तिला अंगाईवाली म्हणायच्या. ती बालरोग विभागातली दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चालताना पाय ओढायची सवय. पण कितीही आकांत करणारं पोर असो, हिने छातीवर दोन थापट्या मारल्या की गप्प. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळ्या म्हणत. तो गुणच तिच्या मुळावर उठला.

संशोधनासाठी ड्युटीतून सवलत मिळते ती सगळ्या शिक्षणात एकदाच, तीही दोन महिन्यांची. बाकीचे त्यात झोपेची थकबाकी फेडतात आणि शेवटच्या आठवड्यात काहीतरी जुळवून आणतात. हिला मात्र खरंच काम करायचं होतं. नवजात विभागात पुढे एकच जागा होती, आणि ज्याचं काम परिषदेत वाचलं जाईल त्यालाच ती मिळणार हे उघड गुपित होतं. म्हणून लहानग्या लेकीला आईच्या स्वाधीन करून तिने स्वतःला जुंपून घेतलं.

टाचेला टोचून बाळाचं रक्त तपासावंच लागतं. आधी जिभेवर साखरपाणी दिलं तर बाळ कमी रडतं, हे जगजाहीर आहे. पण इवल्याशा बाळांना साखर जितकी कमी तितकी बरी. मग नेहमीच्या मात्रेऐवजी एकच थेंब पुरेल का? आयांची परवानगी घेऊन निम्म्या बाळांना नेहमीची मात्रा, निम्म्यांना एक थेंब द्यायचा. मोबाइल स्टँडवर लावून चित्रण करायचं आणि पहिल्या मिनिटात रडणं किती ते मोजायचं.

महिना संपता संपता तिने आकडे मांडले आणि तिचा थकवा पळाला. दोन्हीकडची बाळं सारखीच कमी रडली होती. एक थेंब पुरत होता!

मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, आकडे बाजूला सारले. "चित्रण दाखव," म्हणाल्या. दोन-तीन बाळं बघून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा हात कुणाचा?"

हात तिचाच होता. उजवा हात टाचेवर कापूस दाबत होता आणि डावा अलगद बाळाच्या छातीवर थापटत होता. नेहमीची मात्रा मिळालेली बाळं मुळात फारशी रडतच नव्हती, तिथे तो गप्प पडून होता. एका थेंबावरच्या बाळाने तोंड वासलं की हा हजर.

"मॅडम, मला खरंच कळलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"माहितेय. म्हणून ओरडत नाहीये. पण थेंबाने नाही, तू गप्प केलंयस त्यांना. हे सगळं टाकायचं. पुन्हा सुरू कर. पहिलं मिनिट हात लावायचा नाही, मग घे हवं तर उराशी."

तिने पुन्हा सुरू केलं. डावा हात कोटाच्या खिशात कोंबून ती उभी राहायची. बाळ लालबुंद व्हायचं, खिशात बोटं वळवळायची, आणि मिनिट काही केल्या सरायचं नाही. सरलं की ती बाळाला उचलून घ्यायची आणि मनातल्या मनात त्याची माफी मागायची. मग हळूहळू माफी मागायची राहून गेली. बोटंही वळवळेनाशी झाली.

एक थेंब पुरत नव्हता. आकडे स्वच्छ, निर्विवाद. "'नाही' हेही उत्तरच असतं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काम परिषदेकडे पाठवलं. ते स्वीकारलं गेल्याचं कळलं त्या दुपारी ती लवकर सुटली आणि कोट न काढताच आईकडे गेली.

दार उघडून ती आत येते तोच लेक तिच्याकडे धावली आणि पाय अडकून फरशीवर आपटली. क्षणभर श्वास रोखून तिने भोकाड पसरलं.

"अगं, उभी काय राहिलीस अशी?" आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "पोर पडलंय आणि घड्याळात काय बघतेस?"

तेव्हा कुठे तिला कळलं, की आपली नजर भिंतीवरच्या काट्यावर आहे आणि डावा हात खिशात. तोवर लेक उठून आजीच्या पायांना बिलगली होती आणि तिचा आवाज उतरू लागला होता.

ती खाली बसली. लेकीला ओढून मांडीवर घेतलं, छातीशी धरलं. लेक आजीकडे हात करत राहिली. तिला अतोनात दमल्यासारखं झालं. आता थापट, असं हाताला सांगावं लागलं.