बारा नंबरचं कव्हर

दिपाला लाल खूण मिळाली ती १४ जून २००६ रोजी, बुधवारी, दुपारी एकच्या सुमारास. हिंगोलीतल्या ज्या टायपिंग सेंटरमध्ये ती शिकवायला होती, तिथं जेवणाच्या सुटीत इंटरनेट वापरायची तिला मुभा होती. डबा न उघडता ती आधी कार्डांची साइट उघडायची. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

साइट कार्डं जमवणाऱ्यांची होती. च्युइंगमची, बिस्किटांची, टेलिफोनची, कुस्तीवीरांची, कुठलीही. देशभरातले चारेकशे लोक तिथं कार्डांची अदलाबदल करत. व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांच्या नावापुढं खूण करायची. समाधान झालं तर हिरवी, नाही झालं तर लाल. एकदा केलेली खूण पुसता येत नसे. खाली चार ओळी लिहिता येत, एवढंच. दिपाच्या नावापुढं तोवर काहीच नव्हतं. ही पहिलीच खूण, आणि ती लाल. खाली नाशिकच्या स्वप्निल देवरेनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं : "कार्ड उघडं पाठवलं. फोटोत कव्हर होतं, ते काढून घेतलं. कोपरा दुमडून आला. असं कोणी करतं का?"

त्याखाली एका अनोळखी माणसानं हिंदीत भर घातली होती, की नव्या लोकांशी व्यवहार करू नये, हे तो आधीपासून सांगत आलाय.

दिपाला हवं होतं एकच कार्ड. १९९५ साली एका बिस्किट कंपनीनं पुड्यातून पक्ष्यांची कार्डं दिली होती, एक ते साठ. दिपा तेव्हा चौदा वर्षांची होती. नरसीच्या रस्त्याला असलेल्या त्यांच्या तांड्यावर बिस्किटाचा पुडा रोज येत नव्हता; तरी शाळेत बदली करून, पाहुण्यांकडून मागून, एकदा तर शिक्षकाच्या टेबलावरचा रिकामा पुडा उचलून तिनं एकोणसाठ जमवली. एक्केचाळीस नंबरचा तणमोर राहिला. पुढच्या वर्षी कंपनीनं कार्डं बंद केली. तिच्या अल्बमच्या सातव्या पानावर अकरा वर्षं एक जागा मोकळी होती.

त्या जागेचं तिच्या वडिलांनाही ठाऊक होतं. बाबूसिंगनं तरुणपणी गावोगावच्या बाजारांत बैल विकले होते. बैल हाकत माळावरून जाताना आपण तणमोर पाहिलाय, असं ते सांगायचे. "गवतातून सरळ वर उडी मारतो. खाली बसतो. पुन्हा उडी. दिवसभर त्याचं तेच." शाळेतल्या शिक्षकांनी असा पक्षी नसतो म्हणून सांगितलं होतं.

मे महिन्यात दिपाला साइटवर स्वप्निल सापडला. त्याच्याकडं एक्केचाळीस नंबरची दोन कार्डं होती आणि त्याला बारा नंबरचा खंड्या हवा होता. दिपाकडं खंड्या दोन होते. एक अल्बममधला, कोरा करकरीत, एक जादाचा. तिनं जादाचा द्यायचं ठरवलं.

साइटवर व्यवहाराचे नियम सगळ्यात वर लिहून ठेवलेले होते. दुसऱ्याची बोलणी चालू असताना मधे पडू नये. नको असलं तरी दोन दिवसांत उत्तर द्यावं. ज्याच्या हिरव्या खुणा कमी, त्यानं आधी पाठवावं. कार्डाची अवस्था खरी लिहावी. हा शेवटचा नियम दिपानं घरी वाचून दाखवला तेव्हा बाबूसिंग खूश झाले.

"मग ह्यात नवीन काय हाय? बाजारात खोड आधी सांगावी लागती. हातावर हात पडल्यावर सांगून काय उपेग? लिही. आधी चार पाय बघ."

"बा, कार्डाला पाय न्हाईत."

"कोपरे हायेत ना चार? तेच."

तिनं कव्हरातल्या कार्डाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं. वरचा डावा कोपरा किंचित मऊ. मागं तेलाचा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. वास कपाटाचा. यावर स्वप्निलचं उत्तर आलं होतं : "कार्डाचा वास सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. पाठवा."

पाकीट भरताना बाबूसिंग शेजारी बसले होते. दिपाची सगळी कार्डं एसटीच्या पासाच्या प्लॅस्टिक कव्हरात असायची. मापात बरोबर बसत. ती खंड्या कव्हरासकट पाकिटात सरकवत होती.

"हे बी देऊन राहिली का?" त्यांनी कव्हराकडं बोट केलं.

"त्यात ऱ्हातंय ना बा ते."

"बैल दाव्याला ऱ्हातोय. म्हणून दावं विकतो का आपण? बैल द्यायचा, दावं घरी ठेवायचं. दावं गेलं की दावणीची बरकत गेली."

चुलीपुढून दिपाची आई जिवनबाई म्हणाली, "बिस्किटाच्या कागदाला बरकत! बैल संपले, आता बापलेकीनं पाखरं विकायला काढलीत."

दिपा हसली. पण तिनं कव्हर काढून घेतलं आणि खंड्या नुसत्या दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून रजिस्टर पोस्टानं पाठवला. कव्हरासकट पाठवावं, असं नियमांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. कार्डं जमवणाऱ्या कुणाला ते लिहायची गरज वाटली नव्हती.

लाल खुणेच्या दिवशी ती पाच वाजता घरी आली तेव्हा बाबूसिंग ओट्यावर अंबाडीचा दोर वळत होते. बैल उरले नव्हते, पण दोर वळायची सवय उरली होती. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्वप्निल आता तणमोर पाठवणार नाही, आणि ही खूण बघून दुसरंही कुणी काही पाठवणार नाही, हेही सांगितलं.

"घेणारा कुठला?" बाबूसिंगनं विचारलं.

"नाशिकचा. तुमाला सांगितलं होतं की."

"हितं आला होता का?"

"बा, पोस्टानं गेलं ते. तुमीच तर बसले होते बाजूला."

बाबूसिंगचे हात थांबले. दोराचा पीळ थोडा सुटला.

"मग त्याचं दावं कोणी आणलं?"

"कोणाचं दावं?"

"घेणाऱ्याचं. घेणारा बाजारात येतो तो आपलं नवं दावं खांद्यावर टाकूनच येतो. आपण आपलं सोडायच्या आधी तो त्याचं बांधतो. बैल मधे एक घडीभर बी मोकळा नसतो." त्यांनी दोर मांडीवर ठेवला. "तुझं पाखरू मोकळं गेलं, बाई. ती चूक माझी हाय. मी तुला अर्धाच रिवाज सांगितला."

"उरलेला आता सांगून काय करू?" दिपा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा वर गेला.

"उरलेला बी हाय. आठ दिवसांत खोड निघाली तर जनावर परत घ्यायचं, चकार शब्द न बोलता. आन् घेणाऱ्याला आणायला लावायचं न्हाई. आपण जायचं."

"जा की मग नाशिकला," जिवनबाई आतून म्हणाली. "दोघं जा. एकानं शिंगं धरा, एकानं शेपूट."

दिपानं अल्बम काढला. दुसऱ्या पानावरचा खंड्या कव्हरासकट बाहेर घेतला. या कार्डाला काही खोड नव्हती. अकरा वर्षांत तिनं ते चार वेळासुद्धा बाहेर काढलं नसेल. जिवनबाई हात पुसत दारात आली.

"आता हे बी धाडती?"

"व्हय."

"आन् त्यानं दोनी ठेवून घेतले तर?"

बाबूसिंग म्हणाले, "मग बाजारात त्याचं नाव जाईल."

"त्याचं कवा जाईल तवा जाईल. आपलं गेलं ना आधीच," दिपा म्हणाली. "आई, जागा एक मोकळी काय आन् दोन काय. पण माझं कार्ड त्याच्याकडं दुमडलेलं पडून ऱ्हावं, हे न्हाई चालायचं मला."

पत्र तिनं हातानं लिहिलं. कव्हर काढून घेतलं ही आपली चूक. बैल विकताना दावं ठेवायची आमच्याकडं रीत आहे, ती इथं चुकीच्या जागी लावली गेली. सोबत माझ्या संचातलं बारा नंबरचं कार्ड आहे, कव्हरासकट. खोड नाही, दिसली तर कळवा. दुमडलेलं कार्ड परत पाठवावं, त्यासाठी तिकिटं लावलेलं पाकीट आत आहे. एक्केचाळीस नंबरबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नाही. खूण काढा असंही लिहिलं नाही. पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं.

पुढचे दहा दिवस ती साइटवर गेली ती फक्त बघायला. दोन जणांना तिनं आधी विचारून ठेवलं होतं, त्यांनी उत्तरच दिलं नाही. दोन दिवसांत उत्तर द्यायचा नियम लाल खुणेच्या माणसाला लागू नसावा. घरी बाबूसिंगनं दोर पुरा केला, खुंटीला टांगला आणि दुसरा वळायला घेतला. पोस्टमनची सायकल दिसली की ते उठून उभे राहत, मग पाणी प्यायला उठल्यासारखं करत.

सव्वीस जूनला, सोमवारी, पोस्टमन थांबला. दिपाच्या सहीसाठी पाकीट संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, पण बाबूसिंगनं आपला अंगठा दिला आणि पाकीट देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलं. ती येईपर्यंत त्यांनी जिवनबाईला त्याला हात लावू दिला नाही.

"फोडा म्हणलं तर न्हाई फोडलं," तिनं दिपाला सांगितलं. "दर घडीला उजेडाला धरून बघतेत मात्र."

दिपानं तिकिटं लावून दिलेलं पाकीट हे नव्हतं. ते जाड होतं. आत दोन पुठ्ठे, चारी बाजूंनी चिकटपट्टी. पुठ्ठ्यांच्या मधे जाड, काचेसारख्या स्वच्छ कव्हरात दुमडलेला खंड्या होता. तसल्याच दुसऱ्या कव्हरात तणमोर होता. त्यांच्या मागं एसटीच्या पासाचं कव्हर, रिकामं, आणि वहीचा एक कागद.

दिपानं तो मोठ्यानं वाचला. "तुमचं दावं परत पाठवतोय. खंड्याला मी माझं बांधलंय. लाल खूण काढता येत नाही, साइटवाल्यांना विचारून पाहिलं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं आणि मग खूण करायला हवी होती. तसाही नियम कुठं लिहिलेला नाही. खुणेखाली लिहिलंय ते बघा. तणमोराची खोड : मागं पेनानं कुणीतरी 'राजू' लिहिलंय. वास येत नाही, मला सर्दी आहे."

"माणूस बराबर हाय," बाबूसिंग म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिपानं साइट उघडली. लाल खूण होती तिथंच होती. तिच्या खाली स्वप्निलची नवी ओळ होती : "यांनी नंतर स्वतःच्या संचातलं कार्ड काढून पाठवलं. माझा पुढचा व्यवहारही यांच्याशीच." शेजारी हिरवी खूण. नियमांच्या यादीत शेवटी एक भर पडली होती. कार्ड कव्हरासकट पाठवावं. कव्हर ठेवून घ्यायचं असेल तर आधी सांगावं, म्हणजे घेणारा आपलं पाठवील. आणि दिपाच्या खात्यात एका अनोळखी माणसाचा निरोप होता. त्याच्याकडं पक्ष्यांची जादा कार्डं होती, आणि तिच्याकडं काय आहे, खोडीसकट, ते त्याला जाणून घ्यायचं होतं.

त्याला उत्तर त्याच दुपारी गेलं. डबा तीन वाजता उघडला.

अल्बम लावायचं काम मात्र आदल्या संध्याकाळीच झालं होतं. दुमडलेला खंड्या दुसऱ्या पानावर, आपल्या जुन्या कव्हरात गेला. सातव्या पानावरच्या मोकळ्या जागेत घालायच्या आधी दिपानं तणमोर बाबूसिंगच्या हातात दिला. त्यांनी तो कडेकडेनं धरला, आधी चार कोपरे पाहिले, मग पाठ, मग चित्र. चित्रातला पक्षी गवतात शांत उभा होता.

"ह्योच का, बा?"

"ह्योच. मान बराबर हाय. डोक्यामागचे तुरे बराबर हायेत." त्यांनी कार्ड जरा लांब धरलं. "पण हा नुसता उभा हाय. उडी न्हाई."

"चित्रात उडी कशी येईल?"

"ते मला काय म्हाईत? खोड हाय ती खोड हाय. लिहून ठेव."

अल्बमच्या मागच्या पानावर दिपा प्रत्येक कार्डाची अवस्था लिहून ठेवायची. तिनं एक्केचाळीससमोर लिहिलं : मागं पेनानं 'राजू'. वास नाही. उडी नाही.