चकचकीत टोक

काल संध्याकाळी तो अंतिम सामना जिंकला. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही असं धरून चाललं तर सगळ्यांनाच सोपं जाईल, आणि त्याला तर फारच. आत्ता, सकाळी, त्याच्यासमोर सामनाबिमना काही नव्हता, एक टिकली होती — क्यूच्या, म्हणजे टेबलावर पूल खेळायच्या काठीच्या, टोकाला बसवलेली, शर्टाच्या बटणाएवढी चामड्याची टिकली — आणि त्या टिकलीत खिडकी दिसत होती. अख्खी. गजांसकट. गजावर वाळत घातलेल्या एकुलत्या एक मोज्यासकट. क्यू जरा तिरका केला की खिडकी सरकायची आणि तिच्या जागी त्याचं स्वतःचं नाक यायचं... चामड्यात माणसाला आपलं नाक दिसू नये, एवढी साधी अपेक्षा होती त्याची आयुष्याकडून. पूल खेळणाऱ्या माणसाची टिकली खरखरीत असावी लागते. तिच्यावर खडू धरावा लागतो, खडू धरला तर टोक चेंडूला धरतं, नाहीतर टोक निसटतं आणि पांढरा चेंडू लाजल्यासारखा बाजूला जाऊन उभा राहतो. हे ज्याला माहीत नाही त्यानं क्यूला हात लावू नये. आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी — बाबांनी — लावला होता.

बाबांचा उभा जन्म फर्निचरला पॉलिश करण्यात गेला. कपाटं, टेबलं, एकदा तर कुठल्याशा दवाखान्याचा अख्खा जिना. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी डबे, ब्रश, कापसाचे बोळे, सगळं पलंगाखाली ढकललं, आणि त्यानंतर घरात लाखेच्या वासाचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. मुलाच्या खेळाशी त्यांचा संबंध टोमण्यापुरता. ‘काठीनं गोट्या ढकलायला काय लागतं,’ असं ते म्हणायचे, तेही त्याच्याकडे न बघता, आमटीच्या वाटीला उद्देशून. आणि परवा दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी ते डबे बाहेर ओढले, कोपऱ्यातली क्यूची केस उघडली, आणि बुडापासून टोकापर्यंत क्यूला पॉलिश केलं. लाकूड असं उजळलं होतं की बघत राहावं. थरथरत्या हाताची एक रेघ कुठे नाही. किती वेळा पुसून पुन्हा केलं असेल, कोण जाणे. मग शेवटी ती टिकली राहिली — खरखरीत, निळ्या खडूनं माखलेली — आणि पॉलिशवाल्या माणसाला काही खरखरीत दिसलं की दातात शेंगेचा दोरा अडकल्यासारखं होतं. कुणीतरी काम अर्धवट सोडलंय, असं वाटलं असणार त्यांना. त्यांनी ती घासली. नुसती घासली नाही, तिलाही लाखेचे हात दिले.

‘इथे उघडू नकोस, तिथे जाऊन बघ,’ असं म्हणून त्यांनी काल केस हातात दिली होती. त्यानं तिथे, पूलच्या हॉलवर, जाऊन बघितलं. मग पहिलाच फटका मारला, टोक निसटलं, आणि प्रतिस्पर्धी — प्लंबर होता तो, सगळे त्याला प्लंबरच म्हणत, त्याची बायकोसुद्धा — इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. बाकीचे क्यू दुसऱ्या टेबलांवर गेलेले. भिंतीवर उरली होती फक्त ढोसणी.

ढोसणी हा क्यू नव्हताच मुळी. कधीकाळी असेल. वाकडी, बुडाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. टेबलाच्या पोटात अडकलेले चेंडू ढोसून बाहेर काढायला हॉलवाला ती वापरायचा, आणि पंखा अडला तर पंख्यालाही. त्यानं ती घेतली, आणि... जे झालं ते झालेलं नाही, असं आपलं ठरलंय.

पण त्यानंतर लोक जे बोलले ते झालेलं नाही असं म्हणायची त्याची तयारी नव्हती. माणसाला काही हिशोब असावा की नाही? तो चांगल्या क्यूनं हरायचा तेव्हा हेच लोक खांद्यावर हात ठेवून सांगायचे, की काठीनं काही होत नाही रे, हातात असावं लागतं. बरं. तो वाकड्या काठीनं जिंकला, तर हेच लोक त्याला ओलांडून पलीकडे गेले आणि ढोसणीला हात लावून बघायला लागले. ‘वजन बघ कसं बसलंय,’ एक म्हणाला. ‘वाक आहे ना, तोच खरा,’ दुसरा म्हणाला. हॉलवाल्यानं तर तिथल्या तिथे भिंतीवर पाटी लावली — विचारल्याशिवाय हात लावू नये — आणि अडकलेले चेंडू काढायला त्यानं एक चांगला, सरळ क्यू नेमून दिला, ढोसणीला उगाच धक्का नको म्हणून. म्हणजे हरलो की मी, आणि जिंकलो की काठी. मग मी नेमका असतो तरी कधी? दोन्ही वेळा टेबलापाशी वाकून उभा असलेला, पाठीला रग लागलेला तो माणूस कोण होता?

‘केसमध्ये घालू नकोस इतक्यात,’ बाबा दारातून म्हणाले. ‘टोकाला संध्याकाळपर्यंत वारा लागू दे.’

तो दचकला. त्याच्या मुठीत पॉलिश पेपरचा तुकडा होता, बाबांच्याच डब्यातला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. दोन वेळा खरवडलं असतं की नाक गेलं असतं, खिडकी गेली असती, मोजा गेला असता.

‘काल कामी आलं ना?’ बाबांनी विचारलं. विचारलं ते दाराच्या कडीला.

‘आलं की,’ तो म्हणाला.

‘टोक फार खराब करून ठेवलं होतंस. दुकानदारानं तसंच दिलं होतं?’

‘तसंच.’

‘फसवतात,’ बाबा म्हणाले, आणि कडी हलवून बघत, ‘संध्याकाळी परत खेळ आहे म्हणे. येईन म्हणतो.’

हा संध्याकाळचा खेळ म्हणजे प्लंबरचा हट्ट. ‘तू नाही जिंकलास, ढोसणी जिंकली,’ असं त्यानं काल चारचौघांत सांगितलं होतं, ‘उद्या ढोसणी मी घेणार, मग बघू.’ आणि हॉलवाल्यानं लगेच हो म्हटलं होतं. बाबा आजवर कधी हॉलची पायरी चढले नव्हते. आज येणार. त्यांनी केलेल्या क्यूनं पोरगा जिंकला, तो क्यू चालताना बघायला येणार. म्हणजे आज हा चकचकीत क्यूच हातात घ्यायचा. खरवडलेला चालणार नाही, कारण बाबा टोक बघितल्याशिवाय खुर्चीत बसायचे नाहीत. न खरवडलेला चालत नाही, हे काल सगळ्यांनी पाहिलंय, फक्त बाबा सोडून.

‘सांगून टाक ना त्यांना,’ स्वयंपाकघरात बायको म्हणाली.

‘तू सांग.’

‘मी कशी सांगू? तिसऱ्यांदा सगळी गोष्ट सांगत होते मला मघाशी. कुठला बोळा, किती स्पिरिट. मी म्हटलं, हो बाबा.’

‘मग?’

‘मग काय. आता मलाही येतं पॉलिश करायला.’

कामावर जाताना तो स्वतःशी वाद घालत गेला, आणि हरत गेला. त्याचं काम चष्म्याच्या दुकानात, आतल्या अंधाऱ्या खोलीत. लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत विचारायचं, हे बरं की ते बरं? दिवसभर हेच. एक बरं की दोन? आता की मघाशी? आणि त्याला हेही माहीत होतं की अधूनमधून तो भिंग बदलतच नाही, नुसता खटका वाजवतो, आणि समोरचा माणूस शपथेवर सांगतो, दुसरं, दुसरं एकदम स्वच्छ. अशा धंद्यात असून मी स्वतः क्यूच्या बाबतीत... केस वेगळी, कापड वेगळं, पावसाळ्यात क्यू कपाटात उभा, आडवा नाही, आणि बायकोनं एकदा क्यूनं कोळिष्टक काढलं तर दोन दिवस अबोला. खटका वाजत होता नुसता. भिंग तेच होतं.

दुपारी शिंपी आला. मागच्याच आठवड्यात चष्मा नेलेला. त्यानं चष्मा काउंटरवर आपटला नाही, अगदी हळू ठेवला, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

‘हा वाकडा शिवतो,’ शिंपी म्हणाला.

‘कोण?’

‘चष्मा. हा लावल्यापासून शिलाई डावीकडे जाते. आधी दिसत नव्हतं, पण सरळ जायची.’

‘आधी दिसतच नव्हतं, तर सरळ जायची हे कशावरून?’ त्यानं विचारलं.

‘गिऱ्हाईक बोलत नव्हतं,’ शिंपी म्हणाला.

मालकानं चष्मा घेतला, आत नेला, शर्टाच्या टोकानं पुसला, आतल्या खोलीत उभ्याउभ्या सगळा चहा संपवला आणि बाहेर आणून दिला. ‘बसवला नीट,’ मालक म्हणाला. शिंप्यानं डोळ्यांवर चढवला, काउंटरच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. ‘आता कशी सरळ गेली बघा,’ म्हणाला, आणि खूश होऊन निघून गेला.

त्याला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. आलं नाही. उलट शिंप्याचा राग आला, मालकाचा आला, आणि मग, गिऱ्हाईक नसलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत, असा एक विचार आला की जो यायला नको होता: शिंपी आता घरी जाऊन खरंच सरळ शिवेल. शिवणारच. काल मी तरी काय केलं? ढोसणी हातात घेतली तेव्हा मनात काहीच उरलं नव्हतं — ना टोकाची काळजी, ना वजनाची. इतक्या भिकार काठीनं हरलं तर कोण काय बोलणार होतं? म्हणून हात मोकळा सुटला. म्हणजे लोक म्हणतात ते खरं, ढोसणीच जिंकली? की हात माझाच होता, आणि इतकी वर्षं त्या कापडात, केसमध्ये, उभ्या कपाटात मी त्यालाच कोंडून ठेवलं होतं... एक बरं की दोन? त्यानं स्वतःला विचारलं, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांसारखंच त्यालाही सांगता येईना.

बाबा त्याच्या आधीच हॉलवर पोचले होते. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर केस — घरून स्वतः घेऊन आलेले, त्याच्यावर विश्वास नसल्यासारखे. शेजारी प्लंबर उभा होता, ढोसणीला कपड्यानं पुसत. ज्या काठीनं हॉलवाला परवापर्यंत पंखा ढोसायचा, तिला.

‘पॉलिश माझं आहे,’ बाबा प्लंबरला सांगत होते. ‘काल जिंकला त्या क्यूचं.’

‘काका, पण काल तर तो—’ प्लंबर म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची आणि याची नजरानजर झाली. प्लंबरनं केसकडे बघितलं, म्हाताऱ्याच्या हातांकडे बघितलं. ते हात केसवर ठेवले होते तरी हलत होते. ‘काल तर तो ऐकेचना कुणाला,’ प्लंबरनं वाक्य कसंबसं वळवून नेलं, नळ वळवतात तसं. ‘काय फटके मारले, काका.’

कधी नव्हे तो कुणी चांगला वागला, आणि नेमका त्यामुळेच शेवटचा रस्ताही बंद झाला. प्लंबर बोलला असता तर सगळं आपोआप झालं असतं. आता हॉलमधला प्रत्येक माणूस गप्प होता, अगदी समजून उमजून गप्प, आणि त्या सगळ्या समजूतदारपणाचा त्याला इतका संताप आला की त्यानं क्यू जोडताना पेच उलटा फिरवला.

बाबांनी टोक बघितलं. खिशातून रुमाल काढून एकदा पुसलं. मग दिलं.

त्यानं खडू घेतला. खडू टिकलीवरून सरकला, काचेवरून सरकावा तसा. जराशी निळी भुकटी उडाली ती बाबांच्या चपलेवर.

‘निळं लावून घाण कशाला करतोस?’ बाबा म्हणाले.

त्यानं खडू खाली ठेवला.

वाकण्याआधी त्यानं टोक एकदा डोळ्यांसमोर धरलं. त्यात वरचा दिवा होता, हिरवं टेबल होतं, बोराएवढा प्लंबर होता, आणि एका कडेला खुर्ची, खुर्चीत इस्त्रीचा शर्ट. टिकली गुळगुळीत असली की कडेला मारलेला फटका निसटतो, हे त्याला पाठ होतं. पण मधोमध मारला तर? अगदी मधोमध, केसभर इकडेतिकडे नाही — तर निसटायला जागा कुठून येणार? असं कुणी खेळत नाही. असं खेळायला जे लागतं ते आपल्याकडे आहे की नाही, हे त्यानं आजवर कधी बघितलंच नव्हतं. बघायची वेळच येऊ नये म्हणून तर माणूस चांगला क्यू घेतो. आणि जमलं, तर पॉलिशचं नाव होणार. चुकलं, तर बाबा आमटीच्या वाटीला सांगणार, काठी उत्तम होती. दोन्हीकडे मी नाहीच. सकाळपासून याच गोष्टीनं डोकं उठलं होतं. आता, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकताना, तीच गोष्ट त्याला रिकाम्या खोलीसारखी वाटली... ऐसपैस, दार लोटून आत जावं अशी. पाठीला नेहमीची रग लागली. हा मीच, त्याला वाटलं. रग तर नक्की माझी.

‘मार की,’ प्लंबर हळूच म्हणाला.

तो मारत नव्हता. तो मनातल्या मनात अर्ज लिहीत होता, आणि बऱ्याच तासांनी त्याचा संताप जरा आवरला होता, कारण अर्जाच्या भाषेत संताप बसत नाही. माननीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, कालचा निकाल झालेला नाही असे समजण्यात यावे. आजचाही लागू देऊ नये. क्यू, खडू, ढोसणी, पॉलिश व वडील या बाबी वगळल्यानंतर अर्जदाराच्या वाट्याला नेमके काय उरते, याची एखाद्या निःपक्षपाती इसमाकडून मोजणी करून घ्यावी. आणि सदर मोजणी पूर्ण होऊन अर्जदारास लेखी कळवले जाईपर्यंत पांढरा चेंडू आहे त्याच ठिकाणी, व खुर्चीतील गृहस्थ आहेत त्याच खुर्चीत, जसेच्या तसे ठेवण्याची कृपा व्हावी.