दोन फाटके पडदे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचेच आवाज काढले. आज स्वतःबद्दल बोलतो आहे, तेव्हा मध्येच खरखरलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुतारखान्यात झाला. मला घडवणारा सुतार तीन भावंडांतला मधला. थोरली बहीण इस्पितळात नर्स होती, तिला दोघे भाऊ ताई म्हणत. धाकटा भाऊ टायरच्या दुकानात कामाला होता. तो सुताराला दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणतो. दादाने एका मोडक्या कपाटाची दारे कापून माझे अंग केले. फळ्यांना सरस लावून त्या शिकंज्यात अशा आवळल्या की माझा जीव कासावीस झाला. पाडलेल्या थिएटरच्या कर्ण्यातला, थरथरून आवाज काढणारा कागदी पडदा आणि त्यामागचे लोहचुंबक त्याने माझ्या पोटात बसवले. मग चारी बाजूंनी बुक्क्या मारून पाहिले. कुठे पोकळ वाजते का, हे तपासायची ती रीत. म्हणजे आवाज फुटण्याआधीच मी पोटभर मार खाल्ला होता.

हे सगळे एका बँडची गाणी ऐकण्यासाठी चालले होते. पाच जणांचा तो बँड, चार वादक आणि एक गायक. त्यांचे एकेक गाणे तबकडीची अख्खी बाजू व्यापायचे. ऑर्गन, बासरी, गिटार, ड्रम, आणि ठेका असा वाकडा की चारांत मोजणारा माणूस तोंडघशी पडावा. त्यांच्या सर्वांत लांब गाण्यात मध्येच सगळी वाद्ये थांबत. नुसती शांतता. आणि मग ड्रम असे कोसळत की माझे खिळे हलत.

रविवारी दुपारी सुतारखाना बंद असे. लाकडाच्या भुशावर गोणपाट टाकून चौघे जण बसत. दादा, धाकटा, एक दाढीवाला वेल्डर आणि एक बस ड्रायव्हर. कामावर नसली की ताईही येई. त्या शांततेत कोणी खोकला, तर ड्रायव्हर त्याला डोळ्यांनीच जाळत असे.

"हा बॉक्स नाही रे, बँडचा सहावा माणूस आहे," वेल्डर मला थोपटत म्हणे. मी आतल्या आत सुखावत असे.

समोरच्या गॅरेजवाल्यांना मात्र आमचा आवाज खपत नसे. एका रविवारी ऐन शांततेत खिडकीची काच फुटली आणि दगड वेल्डरच्या कपाळावर बसला. पाठोपाठ गॅरेजवाले नट आवळायचे पाने आणि सळया घेऊन आत घुसले.

"बंद करा ही बोंबाबोंब!"

एकाने माझ्यावर सळई उगारली. धाकटा आडवा आला. "बॉक्सला हात लावायचा नाही!" सळई त्याच्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि आवाज ओळखण्यात मी चुकत नाही. दादाने त्या माणसाची मानगूट धरून त्याचे तोंड भिंतीवर आदळले. दात भुशात पडले. डोळ्यांत रक्त उतरलेला वेल्डर हाताला लागेल त्याला हाणत होता, त्यात दोन ठोसे ड्रायव्हरलाही मिळाले. शेवटी गॅरेजवाले पळाले. तबकडी फिरतच होती. आमची माणसे रक्ताळलेल्या तोंडांनी हसली. मलाही तो मोठा पराक्रम वाटला.

ताईला नाही वाटला. धाकट्याचा हात गळ्यात बांधताना ती म्हणाली, "त्या पाचजणांना तुमची नावं तरी माहीत आहेत का रे?"

"आम्हाला त्यांची आहेत ना," धाकटा म्हणाला.

मग एक दिवस गायक बँड सोडून गेला. नवा गायक आला, नवी तबकडी आली. गाणी आखूड झाली. दादाने ती तबकडी मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली. धाकट्याला ती मनापासून आवडली होती. एका रविवारी वेल्डर आणि ड्रायव्हर आलेले असताना त्याने ती माझ्यातून वाजवली.

"दादा, एकदा नीट ऐक तरी."

"काय ऐकू? हा बँड नाही, बँडचं मढं आहे. आणि तू त्याला पावडर लावत बसलायस."

"तुझा गायकच पळपुटा निघाला, त्याला मी काय करू?"

"पुन्हा बोल."

"पळपुटा!"

दादाच्या हातात लाकडी हातोडा होता. मारायचे त्याने ठरवले होते, असे मी म्हणणार नाही. पण हात उठला, आणि हातोडा धाकट्याच्या उजव्या कानावर बसला. धाकटा माझ्यावरच कोसळला. त्याच्या कानातले रक्त माझ्या जाळीतून आत झिरपले. तो उठला तो पटाशी घेऊनच. पटाशीची धार तुम्हाला ठाऊक असेल, ती लाकडाचे लोण्यासारखे काप काढते. तो दादावर धावून गेला. वेल्डर आणि ड्रायव्हर त्याला लोंबकळले, तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"तुझा जीव ह्याच्यात आहे ना? हे घे!"

पटाशी माझ्या पडद्यात घुसली. तो भोसकत राहिला, ओरडत राहिला. नव्या गायकाचा आवाज माझ्या पोटात भुर्र झाला आणि विझला.

इस्पितळात धाकट्याच्या कानाचाही पडदा फाटलेला निघाला. आतली नाजूक हाडे चुरडली होती. तो कान गेला तो गेलाच. ताईने दादाशी बोलणे टाकले. वेल्डर आणि ड्रायव्हर यायचे बंद झाले. दादाने मला कोपऱ्यात सरकवले. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे आले, पोटात मांजर व्याली. वर्षे गेली.

एका सकाळी दादा रंधा मारत असताना धाकटा दारात उभा राहिला. हातात टायर काढायची लोखंडी पहार होती.

"मारायला आलास?"

"रोज ठरवून निघतो. आज पोचलो."

दादाने रंधा बाजूला ठेवला आणि मेजावर मान टेकवली. "मार."

पहार वर गेली आणि दादाच्या डोक्याशेजारी मेजावर आदळली. फळी दुभंगली. पुन्हा आदळली. ढलप्या उडून दादाच्या गालात घुसल्या, तरी तो हलला नाही. धाकट्याने धापा टाकत पहार फेकून दिली.

"आपलं ते लांब गाणं शेवटचं कधी ऐकलंस?"

"त्या दिवसापासून लावलंच नाही. कुठल्या तोंडानं लावू?"

धाकट्याने खाडकन त्याच्या थोबाडीत मारली. "दोन कान असून लावलं नाहीस? मी एका कानानं रोज ऐकतो, रोज! हेडफोनात ऑर्गन डावीकडे आणि बासरी उजवीकडे. बासरी पाहिजे तर हेडफोन उलटा घालतो, मग ऑर्गन जातो. दोघं एकत्र मला अजून भेटले नाहीत, दादा!"

दादाने मान वर उचलली. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. मी एकटाच बॉक्स. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या आवाजाच्या तारा एकत्र जोडून दादाने सगळी वाद्ये माझ्या एकाच पोटातून काढली होती. माझ्यापुढे बसणाऱ्याला एक कान पुरतो.

त्याने माझ्यावरचे सगळे ओझे उतरवले. माझा पडदा चिंध्या झाला होता. पातळ कागदाच्या पट्ट्यांना सरस लावून तो बोटाच्या टोकाने त्या एकेक बसवू लागला. धाकटा माझ्यावर उजेड धरून उभा राहिला. निरोप मिळाल्यावर ताई गणवेशातच आली. तिने माझी ठिगळे वाकून पाहिली.

"टाके बरे घातलेस," ती दादाला म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचे तिचे ते पहिले शब्द.

सरस वाळल्यावर त्यांनी ते लांब गाणे लावले. माझा आवाज पूर्वीसारखा नव्हता. खालच्या सुरांत मी फडफडत होतो. धाकटा डावा कान माझ्याकडे करून जमिनीवर बसला.

"मला माफ केलंस का रे?" दादाने हळूच विचारले.

"गप्प बस. बासरी आली."

मित्रांनो, माझा पडदा जोडता आला, धाकट्याच्या कानाचा आला नाही. तुमचेही एखादे गाणे असेल, त्याच्यासाठी जीव टाकत असाल. खुशाल भांडा, घसा बसेपर्यंत भांडा. पण भांडण्याआधी हात रिकामे करा. गाणे कितीही मोठे असले, तरी ते ऐकायला शेजारी कोणीतरी लागतो. त्याला जपा.